एक मात्रा आधी

हळदीला कुठलीही गाणी लावा, पण 'देहरी पे उतरी धूप' लावलं नाही तर नवरीच्या मावश्या रुसतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या झाडून सगळ्या डीजेवाल्यांना हे पाठ आहे. तीस वर्षं उलटून गेली त्या सिनेमाला. सिनेमा कुणाला आठवत नाही, त्यातला हिरो त्याच्या घरच्यांना तरी आठवत असेल की नाही कोण जाणे, पण गाणं मात्र अजून टवटवीत आहे. 'देहरी'ची सनई सुरू झाली की गुडघेदुखीवाल्या आत्याबाईसुद्धा खुर्ची सोडतात.

अशा वेळी डोंबिवलीच्या प्रभाकर गुप्त्यांचा जीव कासावीस व्हायचा. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हटकून म्हणायचा, "काय गायलीय हो शैलजा मेहरोत्रा! असे आवाज आता होणे नाही." गुप्ते तोंड उघडायचे, आणि तेवढ्यात त्यांच्या दंडाला पलीकडून चिमटा बसायचा. चिमटा बायकोचा. तो मुकाट्याने गिळून गुप्ते म्हणायचे, "खरंय. मठ्ठा घेणार का थोडा?"

कारण ते गाणं शैलजा मेहरोत्राने गायलेलंच नव्हतं. ते गायलं होतं त्या चिमटा काढणाऱ्या बाईंनी, म्हणजे सुहासिनी गुप्त्यांनी. आणि ही गोष्ट जगात आता या नवराबायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

सुहासिनीबाई मूळच्या कल्याणच्या, पारनाक्याच्या. वडील शहाडच्या कारखान्यात होते. घरात गाणं म्हणाल तर देवापुढचं, त्यापलीकडे नाही. पण पोरीचा आवाज असा, की गणपतीत ती आरतीला उभी राहिली तर पलीकडच्या आळीतले लोक आपली आरती थांबवून ऐकायचे. असं तिची आई सांगायची. आईच ती, तेव्हा थोडं सोडून द्यावं, पण कल्याणातल्या ज्या बुवांकडे ती पुढे शिकली, ते तोंडभर स्तुती करणाऱ्यांतले नव्हते, आणि तेसुद्धा म्हणायचे, "या मुलीचा सूर ढकलला तरी पडायचा नाही."

कॉलेजात असताना ती एका ऑर्केस्ट्रात गायला लागली आणि वडिलांनी महिनाभर अबोला धरला. टिकल्यांची साडी नेसून परक्यांच्या पोरी गातात ते बघायला बरं वाटतं, आपली गायला लागली की माणसाला घराणं आठवतं. तो अबोला सुटला तो प्रभाकररावांचं स्थळ आलं तेव्हा. ठाण्यातल्या एका कार्यक्रमात त्यांनी तिला ऐकलं होतं. बँकेत नोकरी, डोंबिवलीत टिळकनगरला घर. कांदेपोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या वडिलांनी घाईघाईने सांगितलं, "गाणं काय, लग्नानंतर सुटेलच हो." त्यावर हा मुलगा बशी खाली ठेवून म्हणाला, "सुटणार असेल तर मला आत्ताच सांगा. मग मी येतो." आज चाळीस वर्षं झाली, सुहासिनीबाई नवऱ्यावर कितीही चिडल्या तरी ते एक वाक्य आठवून त्यांना जेवायला वाढतात.

ऑर्केस्ट्रातल्या एका व्हायोलिनवाल्याने तिला मुंबईच्या स्टुडिओत नेलं. तिथे तिला काम मिळालं ते डमीचं. त्या काळी मोठ्या गायिकेची तारीख मिळायची नाही, आणि शूटिंग तर खोळंबायचं नाही. मग गाणं आधी कुणातरी नवख्या पोरीकडून गाऊन घ्यायचं, त्यावर हिरॉइनने ओठ हलवायचे, नाचायचं, आणि पुढे सवडीने मोठ्या बाई आल्या की त्या पोरीचा आवाज पुसून त्यांचा आवाज भरायचा. नवखीला म्हणायचे डमी. तिने गायचंही उत्तम, आणि पुसलंही जायचं निमूटपणे.

सुहासिनी हे काम मन लावून करायची. तीन तीन गाणी एका दिवसात. गाणं दोनदा कानावर पडलं की तिला यायचं, आणि सहसा पहिला टेक ओके. रेकॉर्डिस्ट मंडळी तिला बघून खूश व्हायची, कारण ती असली की घरी वेळेवर जाता यायचं. आपला आवाज पुसला जातोय याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण पन्नास वादकांच्या मध्ये उभं राहून, हेडफोनमध्ये सनई ऐकत पहिला सूर लावायचा, ते सुख तर कुणी पुसू शकत नव्हतं. घरी आल्यावर ती गुप्त्यांना अख्खं गाणं म्हणून दाखवायची आणि गुप्ते आमटी गार होईपर्यंत ऐकत बसायचे.

'देहरी' गायली ती अशीच, दुपारच्या वेळी, घाईघाईत. युनिट उटीला जाऊन बसलं होतं, संध्याकाळच्या विमानाने टेप जायची होती. शैलजा मेहरोत्रा परदेश दौऱ्यावर. सगळं छान चाललं होतं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, मधली सनई झाली, आणि दुसऱ्या अंतऱ्याला सुहासिनी चुकली. 'नैहर की मिट्टी' हे शब्द समेवर यायचे, ते तिने एक मात्रा आधीच उचलले. का, ते तिला कधीच कळलं नाही. तिचं नवं लग्न काही नव्हतं, पण माहेर या शब्दाला बाईचा पाय जरा लवकरच उचलला जातो, एवढंच तिने पुढे गुप्त्यांना सांगितलं. ढोलकवाला जुना, मुरलेला. त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत एक मात्रा गाळली आणि तिला पकडलं. सगळे वादक त्याच्यामागे आले. गाणं संपल्यावर ती कानाला हात लावून म्हणाली, "सॉरी, एक और लेते हैं." त्यावर संगीतकार घड्याळ बघत म्हणाला, "अरे छोड़ो, डमी ही तो है. मॅडम आएँगी तो ठीक कर लेंगी."

मॅडम आल्या दोन महिन्यांनी. तोवर उटीला शूटिंग उरकलं होतं, आणि दिग्दर्शकाने नेमका 'नैहर' याच शब्दावर हिरॉइनचा चेहरा पडदाभर घेतला होता. ओठ एक मात्रा आधी हलत होते. शैलजा मेहरोत्रा म्हणजे तालाच्या पक्क्या. चाळीस वर्षांत कधी मात्रा चुकली नाही अशी ख्याती. त्यांनी बरोबर गायलं की ओठ चुकायचे, आणि मुद्दाम आधी उचललं की ते मोजून उचलल्यासारखं वाटायचं. बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी डमी पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकायला मागितली, डोळे मिटून ऐकली, हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या, "इसी को रहने दो." आणि पर्स उचलून निघून गेल्या. हे सगळं सुहासिनीला त्या व्हायोलिनवाल्याने सांगितलं.

म्हणजे गाणं राहिलं ते तिच्या चुकीमुळे राहिलं. पण कॅसेटची कव्हरं छापून झाली होती. पडद्यावरची नावंही लिहून झाली होती. 'गायिका: शैलजा मेहरोत्रा.' संगीतकार म्हणाला, पुढच्या छपाईत करू. पुढची छपाई झाली, तिच्याही पुढची झाली, लाखांनी कॅसेट खपल्या, आणि नाव काही बदललं नाही. गुप्ते भांडायला निघाले होते. सुहासिनीने त्यांना दारातून परत आणलं. "नाव मागून घ्यायचं नसतं हो. असं गाणं पुन्हा गाईन, तेव्हा आपोआप येईल." आणि त्यांच्याकडून वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही.

नाव आलंही. डझनभर हिंदी चित्रपटांत 'सुहासिनी गुप्ते' ही अक्षरं पडद्यावर झळकली. तिची एक अंगाई रेडिओवर बरीच वर्षं लागायची. एक भजन अजून देवळादेवळांतून वाजतं. जे गायलं ते तिने स्वच्छ, चोख गायलं, कुणाच्या पुढेपुढे न करता, कुणाच्या दारात तिष्ठत न बसता, आणि याचा तिला अभिमान होता. का नसावा? पण 'देहरी' काही पुन्हा झाली नाही. तशी गाणी माणसाला एकदाच भेटतात. मग काळ बदलला, पन्नास वादकांच्या जागी एक कीबोर्ड आणि एक पोरगा आला, बोलावणी कमी झाली, आणि सुहासिनीबाईंनी घरीच क्लास काढला. दिव्याच्या, ठाकुर्लीच्या, थेट शीळफाट्यापलीकडच्या पोरी तिथे शिकायला यायला लागल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी जपून ठेवली होती. शैलजा मेहरोत्रांनी आयुष्यात कधीही 'देहरी' स्टेजवर गायली नाही. लोक ओरडायचे, चिठ्ठ्या पाठवायचे, त्या हसून म्हणायच्या, "वो नहीं." लोकांना वाटायचं, मोठ्या बाईंचा लहरी स्वभाव. सुहासिनीबाईंना वाटायचं, अर्धी का होईना, बाई खरी आहे. जे आपलं नाही ते गायचं नाही, इतकं तिने पाळलं. कुणाचं आहे, एवढं सांगितलं असतं तर बिघडलं नसतं. पण अर्ध्या खरेपणालासुद्धा या धंद्यात मोल आहे.

त्या शैलजा मेहरोत्रा या श्रावणात वारल्या. आणि नवरात्र संपतंय न संपतंय तोच तिसऱ्या मजल्यावरचा शौनक दारात उभा राहिला. हा पोरगा आयटीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात डोंबिवलीचं सांस्कृतिक ओझं वाहतो. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम दरवर्षी त्याचाच, निवेदनही त्याचंच.

"काकू, मी काल पण आलेलो, तुम्ही क्लासमध्ये होतात. ऐका ना, या वर्षी दिवाळी पहाट फुल शैलजाजींवर करतोय. श्रद्धांजली. आणि शेवटचं गाणं 'देहरी', ते तुम्हीच गायचं."

आतून पेपर खाली पडल्याचा आवाज आला. गुप्ते बाहेर आले. "कोणी गायचं म्हणालास?"

"काकूंनी. का, काका? काकू प्लेबॅक सिंगर आहेत, आपल्या डोंबिवलीच्या. शैलजाजींच्या गाण्याला तेवढा आवाज नको का?"

गुप्त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पुन्हा पेपर उचलायला आत गेले. सुहासिनीबाई हो म्हणाल्या. गावाने बोलावलं होतं, तेही इतक्या वर्षांनी. फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या दिवशी अख्खी डोंबिवली नटून येते, आणि तिथल्या मैदानावर त्या एकदाही गायल्या नव्हत्या. डोंबिवलीला पहाटे नाट्यगीतं लागतात, हिंदी सिनेमावाल्या बाईला कोण विचारतो? नाव नसेना का, गाणं तर आपलं आहे, असं त्या मनाशी म्हणाल्या. तोवर त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तालीम ठाण्यात होती, नौपाड्यात, दिपेशकडे. दिपेश हा संगीत संयोजक, बोटं विलक्षण, अदब चांगली, पण जगात जे काही आहे ते कॉम्प्युटरच्या चौकटीत बसलं पाहिजे असा त्याचा आग्रह. त्याने आधी विचारलं, "काकू, पट्टी दोन सूर खाली घेऊ? वरचा अंतरा हाय आहे."

"मूळ पट्टीत घे."

"नक्की? नाही, एजमुळे..."

"दिपेश, मूळ पट्टीत घे."

त्या गायल्या. दिपेशचे डोळे मोठे झाले, तो शौनककडे बघून हळूच म्हणाला, "अरे, सेम टू सेम!" गुप्ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून छताकडे बघत होते. दुसऱ्या अंतऱ्याला सुहासिनीबाई सवयीने एक मात्रा आधी आल्या आणि दिपेशने सगळ्यांना थांबवलं.

"काकू, तिथे नाही. तिथे ओरिजिनलमध्ये लोचा आहे. एक मात्रा खाल्लीय मॅडमनी. मी ते करेक्ट केलंय. तुम्ही समेवर या, परफेक्ट बसेल."

"लोकांना ते तसंच पाठ आहे, दिपेश."

"पण चूक ती चूकच ना, काकू."

शौनक उत्साहाने मध्ये पडला. "काकू, त्याच्यावर मी मस्त निवेदन लिहिलंय. म्हणजे, बघा, शैलजाजींसारखी गायिकासुद्धा शेवटी माणूसच. इतक्या हजारो गाण्यांत त्यांची एकच मात्रा चुकली, ती या गाण्यात. आणि आज आपण ती चूक दुरुस्त करून त्यांना श्रद्धांजली वाहतोय! त्याचं रील पण करणार आहे. जाम चालेल."

सुहासिनीबाईंनी पाण्याचा घोट घेतला. दोन्ही पोरं चांगली होती, मनापासून करत होती, त्यांना बोलून काय उपयोग? त्या एवढंच म्हणाल्या, "बघू." पण स्टुलावरून गुप्त्यांनी पाहिलं, बायकोचे कान तांबडे झाले होते. हे कान असे तांबडे झाले की पुढे काहीतरी होतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

दुसऱ्या दिवशी दोघं कानवले करायला बसले. खाजाचे कानवले म्हणजे गुप्त्यांच्या घरची दिवाळी. त्या लाटणार, गुप्ते सारण भरणार. तिसऱ्या कानवल्याला त्या लाटणं ठेवून म्हणाल्या, "नाव गेलं, ते मी सोडून दिलं. पण माझी चूक त्या बाईच्या नावावर? अहो, आयुष्यात मात्रा चुकली नाही हो ती बाई. माझी चूक तिला करता आली नाही म्हणून तर गाणं सोडलं तिने! आणि आता हजार माणसांसमोर हे पोरगं सांगणार, शैलजाजी चुकल्या."

"मग सांग ना सगळ्यांना." गुप्ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी म्हणाले. "मला सोड त्या वचनातून. मीच सांगतो. स्टेजवर चढून सांगतो."

"आणि लोक काय म्हणतील? बाई मेल्यावर हिला कंठ फुटला. जिवंत होती तोवर गप्प होती, आता तिचं गाणं ओढून घेते आहे. साठी उलटली तरी नावाचा सोस सुटत नाही. डोंबिवली आहे ही. इथे लोक आधी पुरावा मागतात."

"आहे का पुरावा?"

पुरावा नव्हता. टेप कधीच नाहीशी झाली होती. स्टुडिओच्या जागी जिम झाली होती. संगीतकार गेला, तो ढोलकवाला गेला, व्हायोलिनवाला गेला. होता तो फक्त गळा, आणि तोही तीस वर्षांनी म्हातारा झालेला.

गुप्त्यांनी कानवल्याची कडा दाबली. "मग तोच ने," ते म्हणाले.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी, अभ्यंगस्नान करून, उटण्याचा वास अंगाला घेऊन, सुहासिनीबाई मैदानावर पोचल्या तेव्हा फडके रोड फुलून आला होता. झब्बे, पैठण्या, नाकात नथी घालून सेल्फी काढणाऱ्या पोरी, गणपतीचं दर्शन घेऊन निघालेले आजोबा. मैदानात खुर्च्या संपल्या होत्या, लोक मागे उभे होते. सुहासिनीबाईंनी जांभळी साडी नेसली होती. पहिल्या रांगेत गुप्ते ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गात नवीन आलेल्या मुलासारखे.

कार्यक्रम रंगला. शैलजा मेहरोत्रांची गाणी एकाहून एक सरस, गायक मुलंही चांगली. शेवटी शौनक पुढे आला आणि त्याने ते निवेदन केलं. ती एकमेव चुकलेली मात्रा, मोठी माणसंही माणसंच, वगैरे. लोक कौतुकाने हसले. गाण्याआधी बोलायचं सुहासिनीबाईंनी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण माइकसमोर आल्या आणि समोरचे ते सगळे ओळखीचे चेहरे बघून जीभ टाळ्याला चिकटली. बँकेतले लोक, क्लासच्या पोरींच्या आया, वाणी, डॉक्टर. दिपेशने मान हलवली. सनई सुरू झाली.

मग मात्र त्या गायल्या. कशा गायल्या ते शब्दांत सांगणं कठीण आहे. आवाजाला वय झालं होतं, हे पहिल्याच ओळीत कळलं. पूर्वी जो सूर नुसता उजळायचा तो आता जरा जड, पिकलेला लागत होता. पण लागत होता तो नेमका तिथेच. सनईला मागे नाचायला लागलेल्या पोरी मुखड्याला थांबल्या. पहिल्या अंतऱ्याला समोरची एक बाई डोळे पुसायला लागली. मधली सनई झाली. त्यांना तालीम आठवावी म्हणून दिपेशने बोट वर केलं, सम दाखवायला.

सुहासिनीबाईंनी त्या बोटाकडे बघितलंही नाही. 'नैहर' त्यांनी एक मात्रा आधी उचललं.

आणि त्यांच्याबरोबर सगळ्या मैदानाने उचललं.

हजारभर माणसं, कुणी न सांगता, कुणी न मोजता, त्याच मात्रेला, त्याच शब्दावर एकदम गायला लागली. नथीवाल्या पोरी, झब्बेवाले, आजोबा, मागे चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला माणूस. सगळे एक मात्रा आधी. चुकत होता तो एकटा वाद्यवृंद. दिपेशचं बोट हवेत तसंच राहिलं. मग ढोलकवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक मात्रा गाळली आणि उडी मारून त्यांना गाठलं. सुहासिनीबाईंना गाता गाता हुंदका आला, आणि तो त्यांनी तसाच सुरात जिरवला. आपली चूक एवढ्या लोकांच्या घरात, एवढी वर्षं, इतकी लाडाने नांदत होती हे त्यांना माहीत होतं. पण ती अशी समोरून अंगावर आली नव्हती कधी.

टाळ्या थांबेनात. शौनक धावत आला, त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "काकू, काय गायलात! चुकीची जागासुद्धा अगदी शैलजाजींसारखी घेतलीत तुम्ही!"

सुहासिनीबाईंनी त्याच्या हातातला माइक घेतला. आता जीभ चिकटली नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "शैलजाजींची मात्रा आयुष्यात कधी चुकली नाही. या गाण्यातली ती चूक माझी आहे. हे गाणं मी गायले आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. डमी म्हणजे काय, घाईघाईत उटीला गेलेली टेप, एक मात्रा आधी हललेले ओठ, आणि शैलजा मेहरोत्रांनी काढून ठेवलेला हेडफोन. "नाव त्यांचं लागलं, ते त्यांनी लावून घेतलं नव्हतं. पण त्यांनी हे गाणं स्टेजवर एकदाही गायलं नाही. तुम्ही त्यांना आज श्रद्धांजली देताय, तर ती याबद्दल द्या. माझी चूक त्यांच्या नावावर घालू नका. आणि चूक माझी म्हटल्यावर गाणंही माझंच, ते मला आज सांगावंच लागतंय."

मग तिसऱ्या रांगेतून, अपेक्षेप्रमाणे, एक गृहस्थ उभे राहिले. चष्मा, झब्बा, हातात घडी घातलेलं उपरणं. "माफ करा हं, बाई. तुम्ही गायलात उत्तमच. पण याला काही आधार?"

गुप्ते ताडकन उठले. पण त्यांच्या आधी दुसऱ्या रांगेतली, मघाशी डोळे पुसणारी बाई मागे वळली.

"आत्ता कानांनी ऐकलंत तो काय होता मग? बसा हो खाली!"

हशा उसळला, मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं, आणि मग ते सगळीकडूनच यायला लागलं. ते गृहस्थही, डोंबिवलीकर असले तरी कानाचे पक्के असावेत. क्षणभर सुहासिनीबाईंकडे बघत राहिले, आणि मग खाली बसता बसता त्यांनीच टाळी धरली.

शौनक मधोमध उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता, मग कसाबसा सावरला. त्याने हातातला निवेदनाचा कागद खिशात कोंबला, माइक परत मागून घेतला आणि घसा साफ केला. "एक दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "रसिकहो, 'देहरी पे उतरी धूप'. गायिका, सुहासिनी गुप्ते."

गाण्याचं नाव आणि स्वतःचं नाव एका श्वासात, परक्या तोंडून, सुहासिनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पहिल्या रांगेत सत्तरीच्या प्रभाकररावांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. ती वाजली नाही. ते नुसतेच रडत होते. दिपेशने कीबोर्डवरून मान वर केली आणि विचारलं, "काकू, कशी घेऊ?"

"जशी आहे तशी," त्या म्हणाल्या, पदर खोचला, आणि स्वतःचं गाणं स्वतःच्या नावावर गायला उभ्या राहिल्या.